चुंबळीची मापं

तिसऱ्या प्रकरणात मी लिहिलं होतं:
वापरकर्ती – स्त्री, वय अंदाजे एकोणीस,
डोक्याचा घेर चोपन्न सेंटिमीटर,
सरासरी ओझं अडतीस किलो.
नाव लिहिलं नव्हतं.
तक्त्यात नावाला रकाना नव्हता.

नाव सनातू.
तमालेच्याही पलीकडच्या गावातून कुमासीत आलेली.
केजेतियाच्या बाजारात रिकामी परात घेऊन
कुणाच्या तरी ओझ्याची वाट बघत उभी असते.

माझी चुंबळ तीन थरांची.
खाली घाम शोषणारं कापड, मध्ये फोम, वर रबर,
गॅरेजवाल्यांकडून आणलेल्या जुन्या ट्यूबचं.
डॉ. बोआचिएंनी ती उलटसुलट करून पाहिली,
म्हणाले, "सेर्वा, ही हातातून ठेववत नाही."
त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे फारच झालं.
त्या रात्री मी स्टुडिओतच झोपले, गोंदाच्या वासात,
स्वप्नात पेटंटचे फॉर्म भरत.

हातातून ठेववत नाही!
डोक्याचं कुणी बोललंच नव्हतं.

आठ दिवसांनी गेले. हरमटानची धूळ,
ओठ फुटलेले, कांद्याच्या गल्लीत सनातू,
डोक्यावर तीच जुनी फडक्याची चुंबळ,
निळी, कडा विरलेली.
"माझी कुठाय?"
तिनं हनुवटीनं दाखवली.
एका बंद दुकानाच्या फळीखाली
तिचा फुसेनी, अकरा महिन्यांचा,
माझ्या चुंबळीवर डोकं ठेवून गाढ झोपला होता.
घाम शोषणारं कापड लाळ शोषत होतं.

मला राग आला. खोटं कशाला बोलू?

तिची ट्वी तुटकी, माझी दागबानी शून्य,
मध्ये हौसा बोलणारी एक मिरचीवाली, तीही घाईत.
शेवटी सनातूनं बोलणंच सोडलं.
डोक्यावरची चुंबळ काढली, एक टोक ओढलं.
ती उलगडली.
उलगडतच राहिली.
दोन वार कापड!
त्यानं तिनं पोराला पाठीशी बांधल्यासारखं केलं,
सोडलं, नमाजाला घेतात तसं डोक्यावरून घेतलं,
रात्रीसारखं अंगभर ओढलं,
टोकाची गाठ दाखवली, आत कालची मजुरी,
मग चार बोटांभोवती पीळ देत, देत,
शेवट आत खोचून
पुन्हा चुंबळ.
एवढ्यात मिरचीवालीचं एक गिऱ्हाईकही झालं नव्हतं.

माझ्या पिशवीत छापील प्रश्नावली होती:
'आराम – एक ते पाच यांपैकी गुण द्या.'
ती पिशवीतच राहिली.

म्हटलं, मला शिकव.
तिनं बांधून दिली. परात अर्धीच भरली, कांद्यांनी.
एक पाऊल. दोन. तीन.
डोक्याचा घेर मोजला होता मी,
मान मोजलीच नव्हती.
चौथ्याला कांदे गल्लीभर.
सगळा बाजार हसला. सनातू नाही हसली,
ती गुडघ्यांवर कांदे वेचत होती,
कारण मालकीण कमरेवर हात ठेवून तिथंच उभी,
आणि ठेचलेल्या बारा कांद्यांचे पैसे
माझ्या नाही, तिच्या मजुरीतून जायचे होते.
मी दिले. सवयीनं पावती मागितली,
शिष्यवृत्तीच्या हिशेबाला लागते.
मालकिणीनं माझ्याकडे जे पाहिलं
त्याला कुठल्या प्रकरणात घालावं?

आता मे महिन्यात तोंडी परीक्षा.
डॉ. बोआचिए विचारतात, "मग तू बनवलंस काय?"
मी खोलीत आरशापुढे फडकं गुंडाळत बसते.
सैल पडतं. आकृती काढली, एकवीस टप्प्यांची,
पण शेवट आत खोचायची ती जागा
काही केल्या चित्रात येत नाही,
तिथं दरवेळी तिचा अंगठा आड येतो.

उशी अजून वापरात आहे.
फुसेनीला दात येतायत,
रबराची एक कड त्यानं चावून चावून मऊ केलीय.
टिकाऊपणाच्या चाचण्यांत
तेवढं एक लिहिता येईल.