बिऱ्हाड हललं, प्रॉव्हिडन्सला

एकतीस वर्षं मी फॉल रिव्हरमध्ये टपाल वाटलं.
उजवा खांदा अजून डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे.
आता मंगळवारी-गुरुवारी वाचनालयाच्या तळघरात बसते
आणि कॉर्डर गल्लीतली माणसं
परत आपापल्या दारांत नेऊन सोडते.

गल्ली नाही. तिच्यावरून महामार्ग गेला, मी शाळेत होते तेव्हा.
उरली ती पुस्तकं. दर वर्षाचं एक, विटेएवढं जाड,
पुठ्ठ्यावर कोळशाची वखार आणि शवपेट्यांचं दुकान,
जाहिराती शेजारी शेजारी.
आत आडनाव, धंदा, नंबर.
नंबराआधी एक बारकं अक्षर असतं:
एका अक्षराचा अर्थ स्वतःचं बिऱ्हाड,
दुसऱ्याचा, दुसऱ्याच्या ताटावर जेवून राहणारा.

कंपनीचा माणूस मे महिन्यात दारोदार हिंडायचा,
शिसपेन जिभेवर ओली करत,
ऐकू आलं तसं लिहायचा.
थिबोडोचा एका वर्षी टीबो झाला.
फुर्ताडोचा झाला फोर्ड,
आणि त्याच्या पोरांनी पुढं फोर्डच राहायचं ठरवलं.
मी नकाशावर टाचण्या दोन लावते, दोरा एक.

आठ नंबरला मात्र इतकंच: 'पोलिश'.
किती जण, कुणाचे कोण, काही नाही.
जिना चढायचा कंटाळा आला असेल.
मलाही यायचा, पण मी चढायचे.

ओव्हिड थिबोडो, पाववाला, पंचेचाळीस नंबर.
चार साली आहे. पाच साली आहे.
सहा साली आहे, आणि टेलिफोनही आहे.
नऊ साली: बिऱ्हाड हललं, प्रॉव्हिडन्सला.
बस्स. भट्टी कुणी घेतली, उधारी कुणाची बुडाली,
बायको रडली की सुटली, ते नाही.
असल्या पाकिटावर आम्ही पिवळी पट्टी डकवायचो
आणि पाकीट माणसामागं धाडायचो.
इथं पट्टी कशावर डकवू?
पत्ता आहे. माणसाचा पत्ता नाही.

एकोणीस नंबरला पॅट्रिक गॅरिटी, कोळसा.
सलग चौदा वर्षं पॅट्रिक गॅरिटी, कोळसा.
पंधराव्या वर्षी पहिल्यांदा: डिलिया,
पॅट्रिकची विधवा, कोळसा.
दुकान तेच, जाहिरातही तीच.
वजनकाटा आधीही तिच्याच हातात असणार,
पुस्तकानं तिला पाहिलं ते तो मेल्यावर.
तिच्यासाठी मी चौदा वर्षं मागं जाऊन
टाचणी लावली. ग्रंथपाल म्हणाल्या,
मिसेस अरूडा, याला पुरावा काय?
म्हटलं, कोळशाची पोती
एकट्या माणसाच्यानं उतरत नाहीत.
त्यांनी टाचणी काढली नाही.
खाली पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं, लहानसं.

गेल्या गुरुवारी नकाशाची गुंडाळी घेऊन
पुलाखाली गेले. वरून ट्रक जात होते.
दर घराला नऊ पावलं, ती माझ्या पायांना पाठ आहेत.
एक्केचाळीस. त्रेचाळीस. पंचेचाळीसवर निळा तंबू,
तंबूबाहेर बूट, नीट जोडून ठेवलेले.
एक म्हातारा डोकावला. काय मोजता?
सांगितलं, तुम्ही बसलात तिथं बेकरी होती.
तो थोडा वेळ जमिनीकडं बघत राहिला.
मग म्हणाला, 'तरीच. इथं थंडी जरा कमी लागते.'

नाव विचारलं. म्हणाला, कशाला?
खरंच, कशाला.
मे महिना होता. खिशात पेन्सिल होती.
मग त्यानंच विचारलं, नंबर काय म्हणालात?
पंचेचाळीस, मी म्हटलं.
त्यानं तो दोनदा हळू म्हणून पाहिला,
आणि विचारलं, मग इथं पत्र येईल का?

एकतीस वर्षं वाटलेल्या माणसाला
याचं उत्तर ठाऊक असतं.
मी वाकून त्याचे बूट थोडे आत सरकवले,
पावसाचा शिंतोडा येत होता.