कुबड्या

भांडुपच्या आमच्या मैदानावर
पाहुणे आले साडेनऊला.
पांढरे बूट. धूळ बघून जरा थबकले,
मग माईक घेऊन म्हणाले,
"मी एका रात्रीत सोडली. बाटली फोडली, संपलं.
गोळ्याबिळ्या कुबड्या आहेत, मित्रांनो.
मन घट्ट करा."

टाळ्या.
मीही वाजवल्या,
हात आपोआप उठतात अशा वेळी.

शेजारी दिगंबर मेस्त्री.
दारूशिवायचे त्याचे दोनशे चौदा दिवस,
खिशातल्या वहीत
सुताराच्या पेन्सिलीने ओढलेल्या रेघा.
त्यानं टाळ्या वाजवल्या नाहीत.
तो ऐकत होता.
तेच वाईट झालं.

गोळ्यांचं पाकीट त्यानं तुळशीच्या कुंडीत पुरलं.
पाणी घालताना सुलभाला चंदेरी कड दिसली
तो बारावा दिवस.
तीन रात्री तो झोपला नव्हता.
भिंतीत कुणीतरी करवत चालवतंय, म्हणायचा,
आणि धार चुकलीय तिची.

सायनच्या हॉस्पिटलात, रात्री दोनला,
डॉक्टर पोरगी विचारते, "किती घेतली?"
"थेंबही नाही," सुलभा म्हणाली,
जणू तक्रारच करत होती.

बाहेर पुलाशेजारी पाहुण्यांचा चेहरा,
बनियनच्या जाहिरातीत, दिव्यांनी उजळलेला.
शिव्या सुचल्या नाहीत.
एवढंच विचारावंसं वाटलं,
की साहेब,
त्या एका रात्रीनंतरची दुसरी रात्र
कशी काढलीत?
कोण बसलं होतं उशाशी?

वही माझ्याकडे आहे.
सकाळची दोनशे सत्ताविसावी रेघ
मी ओढू,
की त्याच्यासाठी ठेवू,
कळत नाही.
पेन्सिल तासून ठेवलीय.