जमिनीवरची माणसं

सतरा.
पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा आकडा थरथरतो.
दाबोळीची धावपट्टी माझ्याकडे येते
ती ठेचकाळत,
नव्या जावयानं पहिल्यांदाच होडी वल्हवावी तशी.

अक्षद फोनवर म्हणाला, "मामा, कार्ड जुनं आहे.
सगळं अल्ट्रावर ठेवू नका.
काय नको ते आधी ठरवा."
बासष्टाव्या वर्षी हे मला
कुणी शिकवायला नको.

आधी ढग. तेच सर्वांत जास्त खातात.
अर्ध्यावर आणले, मग पावावर.
उरले दोन तुकडे
दोरीवर विसरलेल्या बनियनसारखे.
एकोणीस.

मग सावल्या. माडांच्या, हँगरच्या.
उतरताना खालून भेटायला येते
ती आपल्याच विमानाची सावली
थोडा वेळ ठेवली.
मग तीही.
एकवीस.

झुवारी राहू दे म्हटलं.
पण पाण्यातली प्रतिबिंबं म्हणजे चैन,
सूर्याचं सांडलेलं तेल पुसून टाकलं
आणि नदी झाली पंचायतीच्या भिंतीला फासतात
तसल्या निळ्या रंगाची.
बावीस. एवढ्यासाठी?

चिखलीच्या डोंगरावर कुणा परक्या माणसानं
सूचिपर्णी झाडं लावलीत.
ती छाटताना हात अडला नाही.
माझं घर तर नकाशात नाहीच,
त्या जागी करडा ठोकळा, ना कौल ना तुळस.
त्याचा तपशील कमी केला, काही बिघडलं नाही.

चित्राची बारकाई शंभरावरून ऐंशी:
मोतीबिंदू काढायच्या आधी
मला जग असंच दिसायचं, आणि चाललं होतं.

कॅबिनेटचं झाकण उघडं, समोर टेबलफॅन,
खाऱ्या हवेनं स्क्रू गंजलेले.
आतून हेमावती विचारते,
"विमान उडयतात काय मसालो वाटतात?"
मी उत्तर देत नाही. मी वैमानिक आहे.

तेहतीस वर्षं मी विमानांसमोर उभा राहिलो,
हातात दोन केशरी बॅटी, कानांवर डबडी.
आत कधी बसलो नाही,
म्हणजे झाडूवाल्यांबरोबर एकदा, पंखा बिघडला म्हणून.
पण माझ्या पाळीत
माझे हात एकमेकांना भिडल्याशिवाय
एकही चाक थांबलं नाही.

यादीत अगदी खाली, रस्त्यावरच्या गाड्यांच्या नंतर
एक बारकी चौकट सापडली:
विमानतळावरचे कामगार.
खूण काढली.

तीस!
सरळ तीस, लोण्यात सुरी.
बोगमाळ्यावरून वळलो, समुद्र मागे टाकला,
पुन्हा सांकवाळच्या अंगानं खाली आलो,
चाकं टेकली तेव्हा धक्का म्हणून नाही.
मी एकटाच हसलो.

मग जागेवर न्यायला निघालो तर
पिवळी रेघ होती, कुणी नव्हतं.
मला ठाऊक होतं कुठं थांबायचं,
डोळे मिटूनही ठाऊक होतं,
पण सांगणारं कुणी नसल्यावर
पाय ब्रेकवर जाईना.
विमानाचं नाक इमारतीच्या काचेत शिरलं
आवाज नाही, तडा नाही.
आत खुर्च्याही नव्हत्या.

चौकटीत पुन्हा खूण केली.
सव्वीस.
आमच्या धावपट्टीचाही तोच आकडा, चालेल.
रेघेच्या टोकाला एक माणूस उगवला,
पिवळं जाकीट, तोंडाच्या जागी नुसता रंग,
हात वर नेतो ते अडकत अडकत,
मध्येच एक हालचाल गाळून.

कोपर खाली आहे त्याचं.
आमचा मिनेझिस असता तर
लाकडी पट्टी बसली असती त्यावर,
मला बसायची तशी, एकोणीसशे शहाऐंशीत.

"वर घे मेल्या, कोपर वर,"
मी पडद्याला सांगतो,
आणि तो सांगेल तिथे थांबतो.