ओळ दोनशे चौदा

डिसेंबरात ओउलूमध्ये दुपारी दोनलाच दिवे लागतात.
हिल्का तिसरी कॉफी ओतते
आणि तानेलीचं प्लगइन
पुन्हा परत पाठवते.

‘टॅब नकोत, चार स्पेस.
फंक्शनच्या आधी तुझ्या प्लगइनचं नाव लाव,
नुसत्या “सेव्ह”ला कुणीही ओ देईल.
ओळ दोनशे चौदा : “तात्पुरतं” म्हणजे कधीपर्यंत?’

तानेली धुमसतो.
चालतंय ना? मग झालं तर!
चाळीस शाळांची हजेरी लागते त्यावर.
कंसाने वरच्या ओळीत बसावं की खाली उतरावं
याने कुणाचं घोडं अडलंय?

हिल्का वाद घालत नाही.
एक जुनी फाईल पाठवते, राइलीची.
राइलीला आता फोन लावून
काही विचारता येत नाही.

त्याच रात्री अपडेट येतं, हजेरी बंद पडते,
आणि दोष निघतो नेमका राइलीच्या फाईलीत.
तानेली ती उघडतो.
परक्या घरात, अंधारात,
हात नेला तिथेच बटण लागावं
तसं सापडत जातं सगळं.
एके ठिकाणी मात्र तिने लिहिलंय :
‘इथे नियम मोडलाय. कारण खाली.’
आणि खाली खरंच कारण आहे,
अकरा ओळींचं.

पहाटे, म्हणजे अंधारातच,
तो आपल्या दोनशे चौदाव्या ओळीवर येतो.
‘तात्पुरतं’ खोडतो.
तारीख टाकतो. थांबून, नाव.
मग टॅब काढायला बसतो, एकेक,
अजून थोडा
चिडलेलाच.