काठ: पुराआधी डावा

बरणी क्रमांक चारशे बारा.
आत सात भेक, पोटं वर,
मागच्या पायांना दोऱ्यानं बांधलेल्या चिठ्ठ्या.
अल्कोहोलनं त्यांचा सगळा तपकिरी रंग पिऊन टाकलाय,
पाठीवरची पानाच्या शिरेसारखी रेघ मात्र
अजून शाबूत.

मी नेलिदा. इकितोसच्या संग्रहालयात
चिठ्ठ्या लिहिते. अक्षर बरं म्हणून ठेवून घेतलं मला.
माझ्या आधी कितीतरी वर्षं
या सातांना मिळून एकच नाव होतं.
जो जो भेक वाळल्या पानासारखा दिसला
तो तो त्याच नावात कोंबला,
गयानापासून पार बोलिव्हियापर्यंत.
परगावच्या माणसाला नाही का
नदीवरचे आम्ही सगळे सारखेच दिसत!

मग कोणीतरी रात्रभर माइक धरून बसलं.
एका काठावर आवाज लांबलचक,
लाकडावरून नख ओढावं तसा.
पलीकडच्या काठावर तुटक. तीनदा. मग गप्प.
डोक्यावरच्या हाडांच्या कडा मोजल्या, कानामागच्या गाठी मोजल्या,
रक्तातली अक्षरं लावून पाहिली,
जुळेनात.
तेव्हापासून लिहायचं:
‘त्या जातीजवळचा, पण ती नव्हे.’
लिहिताना हात अडखळतो.
नातं आहे, कागद नाही.

नकाशावर टिंबंही मीच देते.
डाव्या काठाला लाल, उजव्याला निळी,
मधे उकायाली, गढूळ, रुंद,
असल्या बोटभर जिवाच्या आवाक्याबाहेरची.
एकच लाल टिंब निळ्यांत येऊन बसलंय.
डॉक्टर म्हणाले, चूक असेल. खोड.

खोडण्याआधी एर्मिनिओला विचारलं.
कानाकिरी आडनाव, कुकामा, त्याच गावचा,
आमचे दिवे आणि डबे वाहतो.
तो हसला. म्हणाला,
‘भेक कुठं गेलाय? नदी गेली.
मी सहा वर्षांचा. पुरानं वळण तोडलं
आणि सकाळी उठलो तर
दारातलं पाणी परसात.
बापाची होडी चिखलात तशीच बांधलेली.
माझ्या जन्मदाखल्यावर डावा काठ,
मत टाकतो उजव्या काठावर.
कचेरीतला विचारतो, कधी आलात इकडे?
म्हटलं, आलोच नाही.
म्हणतो, तसा रकाना नाही.’

त्या रात्री जुन्या नदीच्या तळ्याशी
त्यानं पाचोळ्याकडे बोट केलं.
मला पानं दिसली. नुसती पानं.
बराच वेळ.
मग एका पानानं डोळे मिटले.

आणि लांबवर कुठूनतरी
लाकडावरून नख ओढल्यासारखं काही.

टिंब ठेवलंय. लालच.
चिठ्ठीवर स्थळापुढे जागा अपुरी पडली,
म्हणून मागच्या बाजूला, बारीक अक्षरात:
काठ: पुराआधी डावा.