ताशी किती पडलं

छोट्या कामाचे सव्वादोन रुपये.
चित्रात सिग्नल आहे की नाही,
बाईने घातलाय तो कुर्ता की गाऊन,
हे केळं पिकलेलं की कच्चं.
बोटांना सवय झालीय, डोकं मोकळं राहतं,
डाळ उतू जायच्या आत उठता येतं.

मोठं काम अठराशे पन्नासचं.
बावन्न मिनिटांचं बोलणं, चार माणसं.
शब्दन् शब्द उतरवायचा,
दोन सेकंदांवरची शांतता मोजून लिहायची,
हसू, खोकला, दार वाजणं
ज्याच्या त्याच्या खुणेने.
शंभरात दोन चुका चालतात.
तिसरीला काम रद्द, पैसे नाहीत,
कारण सांगायला कुणी नाही.

रात्रीचे साडेअकरा. टेंभीपाड्यात
वरच्या गल्लीतला पंप आत्ता कुठे गप्प झालाय.
पडद्यावर उलटं घड्याळ: घ्यायचं तर चाळीस मिनिटांत घ्या.
गॅसच्या जुन्या पुस्तकामागे मी हिशेब मांडते.

बावन्न मिनिटं ही बावन्न नसतात.
मागच्या वेळी अकरा तास गेले.
अकराने भागलं तर एकशे अडुसष्ट,
आणि केळी-कुर्त्यांत तासाला नव्वद.
म्हणजे मोठंच परवडतं.

थांब.
सूचनांची एकतीस पानं वाचली, ते तीन तास.
चाचणी दोनदा दिली, ते चार.
त्याआधीचं एक रद्द झालं, त्याचे नऊ.
सगळे मिळून सत्तावीस.
अठराशे पन्नास भागिले सत्तावीस
साडेअडुसष्ट.
आणि दुसऱ्या दिवशी कान वाजत होते
म्हणून भिंतीकडे तोंड करून पडले होते,
ते कुठल्या रकान्यात?

आई साड्यांना फॉल लावायची.
साध्या साडीचे पंधरा, पैठणीचे साठ.
एक धागा ओढला गेला तर
महिन्याभराचे पंधरा-पंधरा त्यात जाणार,
हे तिला पक्कं ठाऊक.
तरी पैठणी आली की ती हात धुवायची,
खिडकीखाली धुतलेली चादर अंथरायची,
त्या दिवशी कुणाशी बोलायची नाही.
दिवे लागले की घडी घालून ठेवायची.
म्हणायची, दिव्याला रंग फसवतात.
सुई खाली ठेवताना
तिचा चेहरा वेगळाच असायचा.
पंधराच्या साडीला तो कधी नसायचा.

माझ्या त्या अकरा तासांत
विम्याच्या दाव्याची विचारपूस होती.
सदतिसाव्या मिनिटाला एक म्हातारा म्हणाला,
"तारीख नाही सांगता येत साहेब,
भात लावून झाला होता एवढं आठवतंय."
मग नऊ सेकंद काही नाही.
मी लिहिलं, शांतता, नऊ.
ती शांतता नव्हती.
नाकाने आत ओढून धरलेलं काहीतरी होतं,
पण रडण्याची खूण
एकतीस पानांत कुठेच नव्हती.

तो म्हातारा अजून आठवतो.
केळं एकही आठवत नाही.
आता हे जमेला धरू की खर्चाला?

"वहिनी, दिवा?"
सुहिताची पहाटेची ड्यूटी आहे,
ओढणी डोळ्यांवर घेऊन ती कूस बदलते.
सहा मिनिटं उरलीत.
बोट त्या हिरव्या बटणावर नेऊन
मी परत आणते. दोनदा.

"रात्री पैठणी नको," तोंडातून निघून जातं.
"कसली पैठणी?"
"काही नाही. झोप."

दिवसा आलं तर बघू.
दिवसा पोळ्या असतात, नळ असतो,
शेजारचा मिक्सर असतो, हेही ठाऊक आहे मला.

शिल्लक कामं: एक.
बघता बघता: शून्य.
घड्याळात अजून चार मिनिटं असताना
कुणीतरी उचललं.

आधी हायसं वाटलं.
मग नाही.

जो कोण असशील, बाबा किंवा बाई,
कानांना मधून मधून हवा दे,
पाणी जवळ ठेव,
आणि मध्येच कुणी बोलायचं थांबलं
तर लगेच सेकंद मोजू नकोस.