रात्रपाळी

मंगळवार आणि शुक्रवार माझे.
बाकीचे वार पोस्टातून निवृत्त झालेल्या क्षीरसागरबाईंचे
आणि नर्सिंगच्या दोन मुलींचे,
परीक्षा आली की त्यांचेही माझ्याकडे.

अशोक चौकाच्या मागं पॉवरलूमची बंद शेड.
माग भंगारात गेले, बोल्ट फरशीतच राहिले,
गाद्या त्या बोल्टांच्या मधल्या जागेत.
नवी आलेली हमखास ठेचकाळते.
जुन्या अंधारातही पाय उचलून टाकतात
तिथं नसलेल्या मागांना वळसा घालून.

साडेसातला कुलूप काढते.
तोवर त्या रिक्षा स्टॉपच्या कट्ट्यावर
एकमेकींना ओळखत नसल्यासारख्या.
आत आल्यावर मात्र
चटणीच्या पुडीवरून भांडण.

रजिस्टरात रकाने आहेत :
नाव, वय, गाव, पत्ता, कुणाची कोण.
"काय लिहूलालीस गं एवढं?" गौरव्वा विचारते.
वय तुला पटंल ते लिही, म्हणते.
गाव अक्कलकोटकडचं, पण तिकडं कळवू नको.
खैरुन दर आठवड्याला नवं नाव सांगते,
मी प्रत्येक नाव लिहिते.
पत्त्याला पहिल्या दिवशी रेघ ओढली होती.
दुसऱ्या दिवशी गौरव्वाच म्हणाली,
"लिही की, कालचाच."

चादरी सेकंडच्या, कारखान्यानं दिलेल्या.
विडी कारखान्यात जायच्या आधी
पोचम्मा चार वर्षं कांड्या भरायची.
चादर पांघरण्याआधी काठावरून अंगठा फिरवते
आणि मोराच्या पायाशी थांबते.
"हितं धागा तुटलाय.
पहाट झाली असंल, डुलकी लागली असंल त्याला."
मग तोच भाग छातीशी घेऊन झोपते.

अडीच-तीनच्या सुमाराला तिची बोटं सुरू होतात.
पान नाही, तंबाखू नाही, सूप नाही,
तरी वळतात, नखानं टोक आत दाबतात.
झोपेतच विचारते, हजार झाले?
पहिल्यांदा मी गप्प राहिले होते
तर बोटं उजाडेपर्यंत थांबली नाहीत.
आता सांगते, झाले अम्मा. झोप.

पाचव्या रात्री गल्लीत पाणी येतं.
आमच्या बायका नळाचा पहिला फुस्स आवाज ऐकून उठतात,
आपले दोन बॅरल भरून झाले
की समोरच्या मादास मॅडमच्या घागरीही,
त्यांची कंबर धरली आहे म्हणून.
आमच्या विरोधातल्या अर्जावर पहिली सही त्यांची.
त्यांनी एकदा खारी पाठवली डबाभर.
अर्ज मागं घेतला नाही.

आणि मग साडेसहा.

याच्याबद्दल मी कुणाशी बोलत नाही.
नियम आहे, रात्रनिवारा रात्रीपुरता,
दिवसा शेडमध्ये ट्रकचं सामान उतरतं.
मी एकेकीच्या खांद्याला हात लावते.
कुणी लगेच उठते, कुणी उठल्याचं सोंग करते,
खैरुन शिवी देते आणि मग चादर
कुणालाही जमणार नाही इतकी सरळ घडी करून ठेवते.
'बाहेर पडल्याची वेळ' असा रकाना आहे.
कुठे, असा नाही.
मी आभारी आहे त्या छापखान्याची.

कुलूप लावते. दोनदा ओढून बघते,
आत कुणीच नसताना.

दुपारी मी झोपते. घरातले आवाज न करता वावरतात,
कुकरसुद्धा शेजारी नेऊन लावतात.
पडदा, कूलर, बाहेर त्रेचाळीस.
सात रस्त्याच्या नाहीतर स्टँडच्या कुठल्याशा सावलीत
पोचम्माचा डोळा लागला असेल,
बोटं सुरू झाली असतील.

झाले, म्हणते मी
कूस बदलून, भिंतीकडे.
"काय झालं?" आतून हे विचारतात.